‘फीड इम्पोर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न, सांगलीहून

हळद-बेदाण्याचे रोजचे दर वर्डप्रेसवरच्या साइटवर यावेत म्हणून फीड इम्पोर्ट, म्हणजे दुसरीकडची नोंदींची यादी (फीड) साइटवर आणायची सोय, बसवतोय. साइट सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी सूचना मराठीत लिहायच्या आहेत. ‘आयात’ म्हटलं की यार्डातले लोक विचारतात, कुठल्या देशातून? ‘मॅपिंग’ला, म्हणजे फीडमधला कुठला रकाना साइटवरच्या कुठल्या रकान्यात जायचा ते ठरवण्याला, ‘नकाशांकन’ म्हटलं तर कुणालाच कळणार नाही. जाणकारांनी सुचवावं.

उत्तर, तासगावहून

दादा, ‘आवक’ घ्या की. आवक-जावक रजिस्टर सगळ्या कचेऱ्यांत असतं. आपलाच शब्द आहे.

उत्तर, मिरजेहून

‘आवक’ मलाही आवडतो, पण या कामात तो अडचणीचा. भावाच्या तक्त्यातले रकानेच बघा: शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. ‘आज आवक झाली नाही’ असं लिहिलं तर हळद आली नाही की फीड आलं नाही?

मी ‘ओढणे’ वापरते. साइट स्वतः ठरल्या पत्त्यावर जाऊन नोंदी आणते, तेव्हा ‘फीड ओढणे’. आपण हाताने सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) दिली तर ‘फाइल चढवणे’. बिघाड शोधताना हा फरक फार कामाला येतो.

मॅपिंगला ‘रकाने जुळवणे’. पण नुसता शब्द देऊन भागत नाही. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून फाइल जतन केली की तिच्या सुरुवातीला न दिसणारी ३ बाइटची खूण बसते. काही इम्पोर्टर (नोंदी साइटवर आणणारी साधनं) ती पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग धरतात. डोळ्यांना ‘शेतमाल’ अगदी बरोबर दिसतं, बाकीचे रकाने जुळतात आणि तेवढाच रिकामा येतो. हे सूचनेत लिहाच.

‘युनिक आयडी’ला ‘ओळख-रकाना’ म्हणा. सातबाऱ्याला गट नंबर, तसा नोंदीला हा. तो नेमला नाही तर फीड ओढावं तेव्हा तीच नोंद नव्याने उमटते. नुसती तारीख ओळख म्हणून पुरत नाही, कारण एकाच दिवशी हळदही असते, बेदाणाही. तारीख, बाजार, शेतमाल आणि जात एकत्र जोडून ओळख करा.

प्रश्नकर्ता

ताई, ‘ओढणे’ पक्कं. तारखांचा घोळ मात्र सुटत नाही. ०५/०४ ची नोंद मे महिन्यात जाते.

उत्तर, मिरजेहून

पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) तिरकी रेघ दिसली की अमेरिकन पद्धतीने महिना आधी वाचतं. आडवी रेघ असेल आणि वर्ष चार आकडी असेल तर दिवस आधी. म्हणून १३/०४ ला तारीखच उमटत नाही, पण ०५/०४ गुपचूप चुकीच्या महिन्यात जाऊन बसते, आणि हीच चूक जास्त घातक. सूचनेत ‘तारीख टाका’ असं मोघम नको. ‘वर्ष-महिना-दिवस’ हा क्रम स्पष्ट लिहा.

आणि ‘दर तासाला आपोआप’ असंही लिहू नका. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन (ठरल्या वेळी काम करून घेणारी सोय) कुणी साइट उघडली तरच चालतो. पहाटे कुणी फिरकलं नाही तर फीड ओढलंच जात नाही. सर्व्हरवर वेगळा क्रॉन लावला असेल, तरच ‘आपोआप’ म्हणा.