मदत हवी आहे: रिले जोडला की ईएसपी३२ वर प्रोग्राम चढेना

राम राम मंडळी. अंबडकडं आमची मोसंबीची बाग आहे. ठिबकची मोटार ओलावा बघून आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा छोटा कंट्रोलर) आणि मोटारीचा स्टार्टर चालू-बंद करायला रिले (सिग्नलवर चालणारा स्विच) घेतलाय. लाईट येते रात्री, तेव्हा कोण उठणार?

अर्डुइनो आयडीईत (कोड लिहून बोर्डवर चढवायचं सॉफ्टवेअर) कोड विनातक्रार कंपाइल होतो. नुसता बोर्ड असला की, बूटचं बटण दाबून धरलं की, अपलोडही होतो. पण रिलेची वायर जीपीआयओ १२ ला (बोर्डच्या १२ नंबरच्या पिनला) लावली की अपलोड मधेच मरतं आणि सिरीयल मॉनिटरवर (बोर्डचे मेसेज दिसतात तिथं) 'फ्लॅश रीड एरर' ची, म्हणजे प्रोग्राम साठवायची फ्लॅश मेमरी वाचता येत नसल्याची, रांग लागते. वायर काढली की सगळं सुरळीत!

वाचलं त्यावरून, बूट होताना (बोर्ड सुरू होताना) १२ नंबरची पिन हाय (३.३ व्होल्टवर) असेल तर फ्लॅशला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट मिळतात. माझा रिले लो सिग्नलवर (पिन ० व्होल्टला गेली की) चालणारा आहे, तोच पिन वर ओढत असणार. मग रिले २६ वर हलवू का?

दुसरं, खरं डोकं खाणारं: लाईट आली की रिले क्षणभर टक् करतो, स्टार्टरही झटका खातो. पुल-अप रेझिस्टर (पिन हाय धरून ठेवणारा) लावून थांबेल, की कोडमध्येच काही करावं लागेल? कुणी शेतात असं बसवलं असेल तर सर्किटचा फोटो टाका.