बहिरेपणावरच्या जीन थेरपीसाठी सरकारने आत्ताच पैसा लावावा का?

स्वरदा_के
शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात ओटोफर्लिन या ऐकण्यासाठी लागणाऱ्या जनुकात दोष असलेल्या 6 बहिऱ्या मुलांच्या आतल्या कानात निरोगी जनुक सोडलं. जानेवारी 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: 5 जणांना ऐकू यायला लागलं. जनुक पेशीत नेणाऱ्या एका विषाणूत अख्खं जनुक मावत नाही, म्हणून दोन तुकडे दोन विषाणूंतून पाठवतात आणि ते पेशीत जुळतात. माझ्या भाचीला कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) आहे. रात्री त्याचं बाहेरचं मशीन काढलं की तिला आईची हाकही ऐकू येत नाही. सरकारने या संशोधनावर आत्ताच पैसा लावावा, असं माझं ठाम मत आहे.

ऑडिओ_मिलिंद
ताई, जन्मजात आनुवंशिक बहिरेपणात ओटोफर्लिनचा वाटा 2 ते 8 टक्केच. आपल्याकडे कनेक्सिन 26 या दुसऱ्या जनुकाचा दोष जास्त सापडतो, त्यावर हे औषध चालत नाही. शिवाय ही मुलं सापडणार कशी? बाळाच्या कानात प्रोब घालून ओएई ही तपासणी करतात; ती आतल्या कानातल्या बाहेरच्या केसपेशी आवाजाला प्रतिसाद देतात का, एवढंच बघते. ओटोफर्लिनच्या बाळाच्या बाहेरच्या केसपेशी धड असतात, बिघाड असतो तो आवाजाचा संदेश कानाच्या नसेकडे पोचवण्यात. त्यामुळे कागदावर 'पास' येतं आणि आई निर्धास्त घरी जाते. दोन वर्षांनी 'अजून बोलत नाही' म्हणून बाळाला आणतात, तेव्हा बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बघणारी तपासणी) केल्यावर कळतं. आधी जिल्ह्याजिल्ह्यात बेराची सोय करा.

स्वरदा_के
उपचारच नसेल तर बेरा आणि जनुकचाचणीचा आग्रह कोण धरणार, दादा? आणि वेळ कुठे आहे? फिलाडेल्फियात 11 वर्षांच्या मुलाला थेरपीने ऐकू आलं, पण भाषा शिकायचं वय उलटल्यामुळे बोलणं कदाचित कधीच जमणार नाही, असं त्याचे डॉक्टरच म्हणाले.

रेवती_पुणे
मी जन्मतः बहिरी आहे, सांकेतिक भाषेत वाढले. ज्या मुलाचा दाखला देताय, तो मोरोक्कोत शाळेविना वाढला होता. घरच्यांशी बोलायला त्याने स्वतःच खुणा तयार केल्या होत्या. त्याला लहानपणी भाषाच कुणी दिली नाही, ती थेरपी कुठून देणार? निदान होईल त्याच आठवड्यात बाळाला आणि आईबापांना खुणा शिकवा. पैसा आधी तिथे हवा.

ऑडिओ_मिलिंद
रेवतीताई, खुणा शिकवा हे मान्य. पण तुमचा 'निदानाचा आठवडा' बेराशिवाय उजाडतच नाही.

स्वरदा_के
दोघांचंही पटतंय, तरी थेरपीला रांगेत शेवटी उभं करायला मी तयार नाही.