मदत हवी आहे: बालगृहाची तपासणी, मराठी नोंदवह्या आणि कोरे आराखडे

नमस्कार. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मुलींच्या एका बालगृहात 4 महिन्यांपूर्वी अधीक्षिका म्हणून रुजू झाले. 22 मुली आहेत, सर्वांत धाकटी 7 वर्षांची. जिल्हा तपासणी समिती आता कधीही येईल. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 54 प्रमाणे दर 3 महिन्यांतून किमान एकदा भेट असतेच. पथकात किमान 3 जण, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी.

इमारतीचं फारसं टेन्शन नाही. झोपायच्या खोलीत मुलीमागे 40 चौरस फूट जागा भरते. 7 जणींमागे 1 शौचालय या हिशेबाने 4 लागतात, तेवढी आहेत. एकाची आतली कडी मोडलीय, ती उद्याच बसवते.

घोर लागलाय तो कागदांचा. रात्रपाळीच्या मावशी गेली 6 वर्षं रोजची नोंद मराठीत लिहितात. कुणाला ताप आला, कोण रडत झोपली, कुणी पहिल्यांदा स्वतःची वेणी घातली, सगळं. तपासायला येणारे बहुतेक कन्नड वाचणारे. या वह्या कन्नडमध्ये उतरवून काढाव्यात का?

दुसरं, 9 मुलींचे वैयक्तिक काळजी आराखडे (प्रत्येकीची गरज, इच्छा आणि पुढची दिशा लिहायचा नमुना 7) कोरे आहेत. एकांनी सुचवलं, "मागच्या तारखा टाकून एका रात्रीत भरा की." मला ते करायचं नाही. पोरीच्या आयुष्याचा कागद आहे तो. पण मग समितीपुढे काय ठेवू?

तिसरं, दहावीतली एक मुलगी महाराष्ट्रातल्या चंदगडची (जिल्हा कोल्हापूर), आई तिकडेच असते. घरच्या परिस्थितीचा अहवाल अजून आलेला नाही. कुणाच्या मागे लागायचं?

प्रतिसाद, निपाणीहून:
ताई, मी बालगृहात समुपदेशक होते. मूळ वह्यांना हात लावू नका. सगळी पानं एका हाताची, एका शाईची दिसली की खऱ्या नोंदीवरही संशय येतो. दर महिन्याचा अर्ध्या पानाचा कन्नड गोषवारा करा, त्यात मूळ वहीचे पान क्रमांक द्या, आणि तपासणीवेळी मावशींना शेजारी बसवा. एवढं बारकाईने लिहिणारी बाई सगळीकडे नसते हो.
आराखड्यांवर आजचीच तारीख घाला. तो मुलीशी बोलूनच करायचा असतो, म्हणून दिवसाला दोघींपेक्षा जास्त घेऊ नका. राहिलेल्यांची यादी आणि मुदत बालगृहाच्या व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात घ्या. उशीर कबूल केलेला चालतो, खोटी तारीख नाही.

प्रतिसाद, बेळगावहून:
चंदगडचं प्रकरण आपल्या बालकल्याण समितीकडे (अशा मुलांबद्दलचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) लेखी द्या, पोच घ्या. राज्य वेगळं, त्यामुळे कोल्हापूरच्या समितीशी त्यांनीच बोलायचं. मुलीला तिच्या जिल्ह्यात पाठवायचा विषय निघाला तर तो कलम 95 खाली जातो.
आणखी एक. सूचनापेटीची किल्ली कुठे आहे? 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे ती व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी आणि पेटी दर आठवड्याला उघडायला हवी. मुलींच्या समित्या 6 ते 10, 11 ते 15 आणि 16 ते 18 अशा वयोगटांच्या 3 असतात. दरमहाची वैद्यकीय तपासणी प्रत्येकीच्या फाइलमध्ये आहे ना, तेही बघा. आणि मुलींकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका. तपासणी समिती त्यांच्याशी बोलते, आणि पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. किल्ली माझ्याच कपाटात होती. व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, ती त्यांच्याकडे पाठवायचं पत्र लिहिलंय. आज दोघींशी बसले. एकीचे 20 मिनिटं शब्द फुटले नाहीत, मग एकदम म्हणाली, "मला शिलाई नको, नर्स व्हायचंय." फाइलमध्ये शिलाई लिहिलेली होती.
चंदगडच्या मुलीलाही विचारलं. दहावी इथूनच करायची म्हणते, पण दिवाळीत आईकडे जायचंय. दोन्ही गोष्टी तिच्याच शब्दांत आराखड्यात लिहिल्या, तर बालकल्याण समितीकडे सुट्टीचा अर्ज वेगळा करावा लागेल का?