मोफत अ‍ॅप दिलं, आता येत नाहीत ते अडाणी?

रानवारा
काल इथे एकाने ठोकून दिलं: 'मानसिक आजारांसाठी अ‍ॅप मोफत, हेल्पलाइन मोफत. तरी गरीब, परभाषक कुटुंबं येत नसतील तर दोष त्यांच्या अंधश्रद्धेचा.' डोकंच सणकलं. अहो, घरात खोली एक, माणसं सहा, फोन एक आणि तो नवऱ्याच्या खिशात. नवऱ्याबद्दलच बोलायचं असेल तर ती बाई बोलणार कुठे?

झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडांनी २००६ साली फ्रेंडशिप बेंच सुरू केला तो दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर. पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवून तयार केलेल्या आज्या तिथे बसतात. 'डिप्रेशन' वगैरे नाही; शोना भाषेतला रोजचा शब्द, 'कुफुंगिसिसा', म्हणजे अति विचार. आधी सगळ्या अडचणी सांगायच्या, त्यातली एकच निवडायची, पुढच्या भेटीपर्यंत जमेल असं एक पाऊल ठरवायचं. २०१६ ला 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात याच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणं बरीच कमी.

मुद्देसूद
म्हणजे श्रीमंतांना सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि गरिबांना आजी. छान समता आहे! सायकोसिस, बायपोलर असे गंभीर मानसिक आजार बाकावर बरे होतात का?

रानवारा
कुणी म्हटलं तसं? आधी १४ प्रश्नांची चाळणी असते. जिवाचा धोका दिसला की पेशंट वरच्या, जास्त शिकलेल्या माणसाकडे जातो. वरचा माणूसच नेमला नसेल तर योजना कोसळते, आणि बोल आजीला लागतो.

दुभाषी
आजी आणि डॉक्टर राहू द्या बाजूला, मधे भाषांतर कोण करतंय ते बघा. दहा वर्षांची मुलगी! डॉक्टर विचारतो, 'मरून जावंसं वाटतं का?' मुलगी आईला विचारते, 'तुला बरं नाही वाटत का?' आई मान हलवते. झाली नोंद.

खरं तर असं हवं: पेशंट आणि डॉक्टर समोरासमोर, दुभाषी जरा मागे, बाजूला. त्याने 'ती म्हणते' नाही, 'मी' म्हणूनच बोलायचं. दोन वाक्यांवर थांबायचं. आत जाण्यापूर्वी पाच मिनिटं दुभाष्याला विषय सांगून ठेवायचा. आणि भेटीला दुप्पट वेळ धरायचा.

मुद्देसूद
दुप्पट वेळ! बाहेरची रांग तुम्ही सांभाळणार?

दुभाषी
अर्ध्या वेळात चुकीचं निदान करून तोच पेशंट तीनदा येतो, ती रांग कोण सांभाळतं? छोट्या समाजात तर फोनवरचा दुभाषी बरा. समोर बसलेला उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी असणार, त्याच्यासमोर कोण तोंड उघडेल?

खडूस कारकून
भाषांतर निघालंच आहे तर पीएचक्यू-९ बद्दल, म्हणजे डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीबद्दल बोलतो. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, बेरीज २७ पर्यंत. १० च्या आत आली की फाइल बंद करणारे महाभाग आहेत. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा! तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज गेली खड्ड्यात. तिथल्या तिथे विचारा, बेत आहे का, साधन हाताशी आहे का. शिवाय भाषांतर शब्दाला शब्द. माणूस सांगतो डोकं जड, छातीत धडधड, अंगाची आग. फॉर्मात त्याला 'उदासी' सापडत नाही, म्हणून तो शून्यावर खूण करतो.

डिप्रेशनच्या गोळ्यांचंही तेच. मळमळ पहिल्याच आठवड्यात, गुण यायला दोन ते सहा आठवडे. हे आधी सांगितलं नाही की गोळी सुटते, आणि वर शेरा: 'पेशंट सहकार्य करत नाही'.

मुद्देसूद
बरं, मुलांना दुभाषी करू नये, मान्य. नववा प्रश्नही मान्य. आज्यांचं मला सांगू नका.

रानवारा
उपकार झाले. अ‍ॅपवाले कुठे गेले पण?