मदत हवी आहे : ऑफसेट, डिजिटल की आधी कटिंग मशीन?

नमस्कार मंडळी. बडोद्यात दांडिया बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. एक जुनं सिंगल कलर मिनी ऑफसेट (प्लेटवरून छापणारं यंत्र) आणि हाताने चालवायचं कटिंग मशीन, एवढ्यावर बिलबुकं, लेटरहेड आणि मराठी-गुजराती लग्नपत्रिका निघतात. आता शेजारचा गाळा मिळतोय, म्हणून यंत्र वाढवायचा विचार आहे.

घरात दोन मतं आहेत. वडील म्हणतात, जुनं का होईना, टू कलर ऑफसेट घे. हजारो प्रतींचं काम आलं की प्रती कॉपी खर्च त्यातच उतरतो, हे त्यांचं खरंच आहे. पण हल्ली गिऱ्हाईक पन्नास-शंभर रंगीत पत्रिका मागतं, तीही उद्याच. तेवढ्यासाठी चार रंगांच्या चार प्लेटा आणि सेटिंगमध्ये जाणारा कागद परवडत नाही. डिजिटलला, म्हणजे कॉम्प्युटरवरून थेट छापणाऱ्या यंत्राला, प्लेट लागत नाही, पण दर प्रतीमागे क्लिक चार्ज (सर्व्हिस करारात दर छापाला द्यायचे पैसे) आणि टोनर (शाईची पूड) आलाच.

मला मात्र वाटतं, आधी प्रोग्रॅमेबल कटिंग आणि क्रीझिंग (घडीच्या जागी रेघ दाबणारं) मशीन घ्यावं. रंगीत काम आजही बाहेरून छापून आणता येतं. अडतं ते फिनिशिंगला. जाड कार्डावर क्रीझ न मारता घडी घातली की टोनर तडकतो, आणि अशी पत्रिका मी गिऱ्हाइकाच्या हातात देणार नाही.

सेकंड हँड डिजिटल कोणी वापरतंय का? घेताना मीटर रीडिंगशिवाय (आजवर किती प्रती छापल्या त्याशिवाय) काय तपासावं? ड्रम (ज्यावर चित्र उमटतं तो रूळ) आणि फ्युझर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) बदलायचा खर्च किती येतो? आणि सर्व्हिस कराराशिवाय निभावतं का? बडोदा, सुरत, इंदूरकडच्या छापखानेवाल्यांनी जरूर सांगा, गाळ्याचा निर्णय याच महिन्यात द्यायचा आहे.