बाबांच्या तपासणीसाठी मुंबईत एक रात्र चेन हॉटेलात राहायचंय, आधी काय विचारून ठेवू?

भाट्येकरीण
आम्ही रत्नागिरीचे. बाबा ७६ वर्षांचे. पुढच्या आठवड्यात परळच्या एका रुग्णालयात त्यांची अँजिओग्राफी आहे, सकाळी ७ ला हजर व्हायचंय. आदल्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसने निघालो तरी पोचेपर्यंत रात्र होते. नातेवाईक विरारला आणि बदलापूरला. तिथून पहाटे बाबांना लोकलने आणायचं माझ्या जिवावर येतंय. म्हणून परळजवळच चेन हॉटेलात एक खोली बघतेय, आई, बाबा आणि मी. बाबा आजवर हॉटेलात कधी राहिलेले नाहीत. रात्री त्यांना पेज लागते. आणि बाथरूममध्ये पाय घसरेल याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. कोणाला अनुभव आहे का?

वाशिष्ठीकाठ
ताई, तिघांचीही ओळखपत्रं घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधार द्यायचं तर मास्क्ड आधार काढून न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. बिल बघून घ्या.

देवगडातला आंबेवाला
मी मुंबईत अशाच एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला बरीच वर्षं काढली, आता गावी बाग बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुकिंग अ‍ॅपवरून केलंत तरी हॉटेलच्या नंबरावर स्वतः फोन करा. अ‍ॅपवर 'खास विनंती' म्हणून लिहिलेलं रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही. गाडी रात्री उशिरा येणार हे आवर्जून सांगा. पैसे आधी भरलेले नसले की संध्याकाळनंतर खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते, आणि पावसाळी वेळापत्रकात तर आपल्या गाड्या आणखी हळू धावतात.

खोली लिफ्टजवळची मागा. बाथरूमबद्दल स्पष्ट विचारा: टब नको, सपाट शॉवर हवा, भिंतीला धरायला दांडा आहे का? बहुतेक हॉटेलांत अपंगांसाठी एखाददुसरी खोली असते, तिच्यात हे सगळं असतं. ती रिकामी असली तर आम्ही वयस्कर पाहुण्यांना आनंदाने द्यायचो, पण मागणारे फार थोडे. मात्र तिच्यात तिसरा पलंग मावतो का, तेही विचारा. त्याचे पैसे वेगळे पडतात, आकडा आधीच ठरवा.

पेजेचं म्हणाल तर मेनूत नसेल, पण भात असतोच. 'भात जास्त पाणी घालून मऊ शिजवा, मीठ वेगळं द्या' एवढं सांगितलं की किचनवाले करून देतात. फक्त किचन किती वाजता बंद होतं ते विचारून घ्या आणि गाडी ठाण्याला आली की फोन करा. खोलीतल्या किटलीत मात्र काही शिजवायला जाऊ नका, ती पाण्यापुरतीच. आणि तपासणीआधी बाबांनी किती वाजेपर्यंत खायचं, ते डॉक्टरांना विचारा. पेजेची वेळ त्यावर ठरवा.

भाट्येकरीण
काका, खूप आधार वाटला. नाश्ता ७ नंतर आहे म्हणतात आणि आम्ही सव्वासहाला निघणार. चेक-आउट ११ चं. सामान कुठे ठेवू?

देवगडातला आंबेवाला
बाबा उपाशी असतील, पण तुम्ही दोघींनी खाऊन जायला हवं. रिसेप्शनला रात्रीच सांगा, नाश्ता बांधून देतात. भाड्यात धरलेला असेल तर तो तुमचाच आहे, संकोच करू नका. बिल रात्रीच चुकतं करा. सकाळी खोली सोडून बॅगा बेल डेस्कवर, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर द्या आणि टोकन घ्या. संध्याकाळपर्यंत ठेवायला सहसा पैसे घेत नाहीत. औषधं आणि जुने रिपोर्ट मात्र त्या बॅगेत राहू देऊ नका, हातातल्या पिशवीत घ्या. येताना कार्डावर अनामत अडवली असेल तर ती सुटायला काही दिवस लागतात. रुग्णालयात पैसे भरायला दुसरं कार्ड ठेवा.

बाबांका बरा वाटतला. तपासणी झाली की इथे कळवा.