मदत हवी आहे: पेपर्ड मॉथच्या प्रयोगात दोन्ही रंग सारखेच का पकडले जातात?

पाटीपेन्सिल: नववीच्या वर्गात पेपर्ड मॉथ (फिकट आणि काळ्या अशा दोन रंगांत आढळणारा इंग्लंडमधला पतंग, म्हणजे कीटक) घेऊन नैसर्गिक निवड दाखवायची आहे. काळ्या कार्डशीटचे 20 आणि वर्तमानपत्रातून कापलेले 20 पतंग, 3 सेंमीचे, उघड्या वर्तमानपत्रावर पसरतो. मुलं 'पक्षी', वेळ एक मिनिट. शेवटी दोन्ही रंगांचे 17-18 उचललेले असतात. शिवाय अर्धा वर्ग लिहितो, 'कारखान्यांच्या धुरामुळे पतंग काळे पडले.' काय चुकतंय?

काडीकचरा: वेळ फार देताय. सगळंच भक्ष्य संपलं तर निवड कसली? घड्याळ बाजूला ठेवा, एकूण 20 उचलले की थांबा. समजा 14 काळे आणि 6 छापील गेले. उरले 6 आणि 14. प्रत्येकामागे एक पिल्लू वाढवा: 12 आणि 28. अशा तीन पिढ्या पुरतात.

एका वेळी एकच पतंग उचलून हातभर लांबच्या वाटीत टाकायचा, मगच दुसरा. नाहीतर मुलं सरळ तळहात फिरवतात. कार्डशीट जाड, बोटाला लगेच लागतं. काळे पतंगही वर्तमानपत्रच रंगवून कापा. कापल्यावर कडा वर वळतात, खाली सावलीची बारीक रेघ पडते आणि छापील पतंगही उठून दिसतो. रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा. मथळे-फोटो नकोत, छोट्या जाहिरातींचं बारीक टायपाचं पान घ्या.

सालपट: काळ्या कागदावर उलट फेरीही हवीच. ब्रिटिश संशोधक केटलवेल यांनी 1953 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा करून सोडलेल्या 447 काळ्यांपैकी 123 परत सापडले, 137 फिकटांपैकी फक्त 18. एवढ्यावर कुणीही म्हणेल, काळे सापळ्यात सहज येत असतील. 1955 मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या स्वच्छ रानात पारडं फिरलं: फिकट 496 पैकी 62, काळे 473 पैकी 30.

धुराचं म्हणाल तर काळी पडली ती झाडाची साल, आणि मेलं ते सालीवरचं दगडफूल (मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद). पतंगाचा रंग जन्मजात. 'कॉर्टेक्स' जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसल्यानं काळा रंग आला, आणि तो प्रभावी आहे (आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो). मुलांना विचारा: काजळीनं माखलेल्या पतंगाची पिल्लं काळी होतील का?

पाटीपेन्सिल: पटलं. पण एक मुलगी विचारते, वटवाघळंही पतंग खातात, मग त्यांच्यामुळे निवड का होत नाही?

सालपट: चांगला प्रश्न. होते, पण या रंगावर नाही. वटवाघूळ अंधारात प्रतिध्वनीवर शिकार करतं, त्याला काळा-फिकट सारखाच. रंगाचा हिशेब दिवसा, पतंग झाडावर निश्चल बसलेला असताना, पक्ष्याच्या डोळ्यांपुढे होतो.

काडीकचरा: म्हणजे तळहात फिरवणारी तुमची मुलं वटवाघळंच झाली! एक फेरी मुद्दाम डोळे बांधून घ्या. दोन्ही रंग साधारण सारखे यायला हवेत. एकच रंग जास्त येत राहिला तर रंगाचा थर तपासा, पोस्टर कलरनं कागद कडक होतो. स्केचपेन वापरा.